बटण ताईच दाबेल

दादा, फोनवर तू मध्येच तोडतोस म्हणून आता कागदावर: ताईचे पाय अधू आहेत, बोटं नव्हेत. तिच्या मताचं बटण तू दाबायचं काही कारण नव्हतं.

हे माझं मृत्युपत्र आहे. मी, तुम्हा दोघांचा धाकटा भाऊ, धंद्याने वेल्डर, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणी न शिकवता आणि न पिता लिहीत आहे. आजार काही नाही. उद्यापासून पुलाच्या वरच्या कमानीवर काम आहे आणि चढण्याआधी कंपनीने प्रत्येकाकडून वारसाचं नाव मागितलंय. लिहायचंच तर सगळंच लिहितो. शाळा लवकर सुटली, अक्षराला हसू नये.

कलम एक. घरातला माझा हिस्सा ताईचा. शिवणयंत्रासकट पुढची खोली तिचीच राहील, मागच्या अंधारात तिला ढकलायचं नाही. दाराचा उंबरठा काढावा. उंबरठ्याने घराला शोभा येते हे दादाचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे आणि ते नामंजूर आहे.

कलम दोन. घरी ठेवलेलं वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर माझा तिकडचा जोडीदार बोका याला. बदल्यात ताईच्या रॅम्पची डागडुजी तो फुकट करील. बोक्या, मशीन विकलंस तर मानगुटीवर येऊन बसेन.

कलम तीन, रॅम्प. पुढे कोणी वाद घालू नये म्हणून हकीकत लिहून ठेवतो. मतदान शाळेत असतं आणि शाळेला पायऱ्या. पूर्वी चौघे जण ताईला खुर्चीसकट उचलून नेत. ती म्हणायची, "कपाट हलवावं तसं हलवतात मला." म्हणून गेल्या सुट्टीत मी लोखंडी रॅम्प केला, मुद्दाम लांब, म्हणजे चाकाची खुर्ची ती आपल्या हातांनी चढवील. तिने चढून, उतरून, परत चढून दाखवलं. मी कामावर परतलो आणि दादाने तो आपल्या दारात टाकला, मोटारसायकल घरात चढवायला! रस्त्यावर येतो म्हणून पुढून कापला. मतदानाला तोच शाळेत नेला. आखूड, म्हणून उभा चढ. खुर्ची मागे घसरली. मग दादा ताईला उचलून आत गेला, "हिला जमत नाही, मी सोबत आहे," म्हणाला आणि आपल्या मनाचं बटण दाबून मोकळा झाला. ताई मला फोनवर म्हणाली, "दिवसभर सुई ओवतात ती बोटं माझी, आणि मत तुझ्या दादाचं. वर मलाच म्हणतो, झालं की गं तुझं मतदान!"

तर रॅम्पवर मोटारसायकल चढणार नाही. मतदानाच्या सकाळी दादाने तो स्वतः वाहून न्यावा, पायऱ्यांवर नीट बसवावा आणि बाहेर उभं राहावं. बाहेर. ताई आत एकटी जाईल. मत कोणाला दिलं हे कोणी विचारायचं नाही. मीही विचारत नाही.

कलम चार. माझं घड्याळ आणि चामडी बूट दादाला. बाबा गेल्यावर मला खांद्यावर घेऊन तू गल्लीभर फिरायचास, ते विसरलो नाही. पण मी तेव्हा लहान होतो. ताई तुझ्याहून मोठी आहे.

साक्षीदार: क्रेनवाला, याने वाचून सही केली आणि "तुझा दादा माझ्या दादाचा सख्खा भाऊ दिसतो" म्हणाला. खानावळीतल्या मावशी, सही येत नाही म्हणून अंगठा. म्हणाल्या, "अंगठा असला तरी माझाच आहे, लिही तसं." लिहिलं.

ठिकाण: पुलाच्या कामावरची पत्र्याची खोली. पगारानंतरचा रविवार. सही माझी.

बाकीची कलमं मी गेल्यावर. पण पुढचं मतदान महिन्यावर आलंय आणि माझा इतक्यात जायचा विचार नाही, म्हणून तिसरं कलम आजपासून लागू. कापलेला भाग परत जोडायला आणि दोन्ही बाजूंना कठडा लावायला बोक्याकडे पाठवत आहे: साडेआठ हजार.