हिरीचं पाणी

जळकोट, १२ एप्रिल १९७३

माय आज दुपारी गेली. मातीहून आलो, तर ती बाटली अजून तिच्या उशाशीच.

मुंबईत लोकांना जायला-यायला नवी लाँच सुरू होणार, धाकटा नामदेव तिच्यावर खलाशी लागला. तेव्हा मायनं आटत्या हिरीचं शेवटचं निवळ पाणी बाटलीत भरून त्याला दिलं. नव्या गाडीच्या चाकावर आपण पाणी ओततो, तसं लाँचवर ओत म्हणाली.

तार मिळाली तसा तो आज सकाळी आला. मायनं पहिलं तेच विचारलं, "ओतलंस का रं?"

"ओतलं, माय."

अंगणात येऊन मला म्हणाला, "दादा, साहेब हसला. एवढा समुद्र असताना बाटली कशाला, म्हणला. मला लाज वाटली. न्हाय ओतलं."

दुपारी मायच्या घशाला कोरड पडली. घरात टँकरचं गढूळ पाणी. नामदेवनं पिशवीतनं ती बाटली काढून तिच्या तोंडात धार धरली. मायनं डोळे उघडले.

"आपल्या हिरीचं हाय," म्हणाली. पुन्हा बोललीच नाही.

नामदेव मघापासून एकच विचारतोय, "दादा, मायला कळलं असंल का?" मी न्हाय म्हणालो. पण चव कळली, मग बाकीचं कळलं नसंल?

बाटलीत घोटभर उरलंय. ओतवतही नाही, ठेववतही नाही.