तिकडे कळवू नकोस

मांडवी, रत्नागिरी
१२ मे

चि. श्यामला आणि सौ. मनस्विनीला उमाताईचे आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप परतलात, हे वाचलं. इकडे उकाडा फार आहे. तुमची आंब्याची पेटी भरून ठेवली होती, शेजारी देऊन टाकली.

दुब्रोवनिकचे फोटो सगळे पाहिले. केवढी ती तटबंदी! खाली लाल कौलं, त्यापुढे समुद्र. आईलाही दाखवले. तिने फोन अगदी डोळ्यांशी नेला.

"हा आपल्या भगवतीच्या किल्ल्यावरून काढलाय. श्याम आलाय गो. उमे, मूठभर तांदूळ वाढव."

"तो परदेशात आहे, आई. आलेला नाही."

खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. ती जेवली नाही.

निघताना तू म्हणाला होतास, "ताई, काही झालं तरी तिकडे कळवू नकोस. अर्ध्यातून येता येणार नाही, उगाच सगळ्यांचा विरस." मी तुझं ऐकलं.

आईला तटबंदी दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू माशांच्या ताटाचा फोटो टाकलास. लिंबाच्या फोडी, काळे शिंपले. मी नुकती स्मशानातून आले होते. ओल्या हातानेच 'छान' म्हणून अंगठा पाठवला.

आई त्या पहाटे गेली. अग्नी मी दिला. हरिश्चंद्रभटजींनी विचारलं, "श्यामला कळवलंस ना गो?" मी हो म्हटलं. सगळ्या नातेवाइकांना तेच सांगितलं: कळवलंय, तो येत नाही म्हणतो, त्याला फोन करून त्रास देऊ नका. कोणी केला नाही. दहावं, तेरावं, सगळं उरकलं.

फोनवर सांगितलं असतं तर तू एकट्याने ऐकलं असतंस आणि रविवारी लेकीचा, स्वानंदीचा साखरपुडा होईपर्यंत गप्प बसला असतास. तुमच्याकडे पाकिटं मनस्विनी उघडते. म्हणून पत्र.

आईचं सुतक मुलाला ऐकल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस. मनस्विनीच्या माहेरी हे किती कडक पाळतात, ते मी तुमच्या लग्नापासून ऐकते आहे. स्वानंदीचा यात काही दोष नाही. तेही मला माहीत आहे.

मनस्विनी, आता श्यामला हाक मार. दोघांनी आधी आंघोळ करा.

उमा