नागपूरला निघालेला डायनॅमो

प्रिय गंधू,

पार्सलात वर माझी जुनी सुती साडी आहे आणि तिच्यात आजोबांच्या बुलेटचा डायनॅमो. साडी फेकू नकोस, हात पुसायला चांगली आहे. पार्सल तुझ्या बाबांनी बांधलंय. ही चिठ्ठी मी घडीत सरकवली, ते त्यांना ठाऊक नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन आला की ते तिथेच पेपर उघडून बसतात आणि शेवटपर्यंत पान उलटत नाहीत.

माझे गुरुवार नेमाने चालू आहेत, गुडघा बरा आहे. तू बँक सोडून नागपुरात जुन्या गाड्यांचं वर्कशॉप टाकलंस, तेव्हापासून बाबा तुझ्याशी बोलत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगतात, "खुर्चीवरची नोकरी सोडून पोट्टी ग्रीसमध्ये हात घालून राहिली." मी एकदा विचारलं, तिच्या हातात पाना दिला कोणी? तर ताटावरून उठले. पुढे बुलेटवरही चादर पडली. मला घोर लागला तो तिथे. राग निवतो गं, पण ज्यात जीव अडकलाय ते कामही माणसानं टाकलं, तर तुमचं दोघांचं बोलणं परत सुरू व्हायचं कशावरून? देवापुढे दुसरं काही मागितलंच नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी आपणहून चादर काढली. किक मारली तर सुरू! मॅग्नेटोची गाडी, ठिणगीला तिला बॅटरी लागत नाही, हे तुला काय सांगायचं. आपल्या रायपूरच्या शंकर नगरपर्यंत चक्कर मारून छाती फुगवून आले. पण संध्याकाळी हेडलाइट लावला तर उजेड निरांजनाएवढा. डायनॅमो बॅटरी भरतच नव्हता. शेजारचे रामकृष्ण भाऊजी फाटकातूनच ओरडले, "काय श्यामकांतराव, तेल संपलं काय? वहिनीले वात मागा!" झालं. दुसऱ्या दिवसापासून अंगणात सतरंजी टाकून बसले. डायनॅमोतले ब्रश घासून साफ केले, एकेक वायर ओढून पाहिली. मी चहा ठेवायला गेले तर पुटपुटत होते, "ही गंधूनं जोडली, ही नीट आहे. हेपण तिचंच, हे नीट आहे."

काल सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी बॅटरीची तार डायनॅमोला क्षणभर टेकवली आणि लगेच काढली. पडून राहिलेला डायनॅमो आपलं चुंबकपण विसरतो, त्याला असा थोडा करंट दाखवून जागं करावं लागतं, हे ते तुला शिकवायचे तेव्हा पोळ्या लाटता लाटता मीही ऐकलंय. मग किक मारली, रेस दिली. मीटरचा काटा बॅटरी भरण्याच्या बाजूला गेला. मी चष्म्यातून नीट पाहिला. आणि बाबा हसले गं, एकटेच, तोंड भरून.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. गाडी बंद केली, पाना घेतला आणि डायनॅमो सोडवायला लागले. म्हटलं, आता काहून काढून राहिले? मान वर न करता म्हणाले, "बिघडला आहे. रायपुरात कोणाले जमणार नाही. गंधालीकडे पाठवा लागन." मी 'बरं' म्हटलं.

म्हणून ही चिठ्ठी. तू तो टेबलावर लावशील, फिरवून बघशील आणि तुला काडीचाही दोष सापडणार नाही. पण बाई, 'नीट आहे' म्हणून कुरिअरनं परत धाडू नकोस. एक वेळचा खर्च मी देवधर्मात लिहिला, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. बाबांच्या मोबाइलवर फोन कर. सांग, बिघाड मोठा आहे, गाडीवर चढवूनच बघावा लागेल, मी घेऊन येते. खोटं बोलायला तुला कधी शिकवलं नाही मी, पण एवढ्यापुरतं देवाला सांगून ठेवलंय. तू गाडी उघडलीस की ते पाना द्यायला शेजारी येऊन बसतीलच. तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही.

तुझीच,
काहीही न पाहिलेली आई