आईच्या पाळण्यासाठी डबी

माधव नगर, उज्जैन
१३ मे २००२

प्रिय पराग,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, तेव्हा दचकू नकोस. चहाच्या वेळी एकटा बसून वाच आणि निदान पूर्ण वाचून होईपर्यंत तरी अश्विनीच्या हाती लागू देऊ नकोस. घरून फोन करण्याची सोय नाही, तुझ्या आईचे कान तिच्या गळ्याइतकेच तयार आहेत. पीसीओवर जावं तर तो काउंटरवाला काचेतूनसुद्धा सगळं ऐकतो आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर वाटून टाकतो. म्हणून पत्र.

आधी कामाचं विचारतो. माइक कॉम्प्युटरला जोडायला जी वस्तू लागते ती मला घ्यायची आहे. फ्रीगंजचा श्रीनाथ, तोच आपला कॉम्प्युटरवाला, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतो. मी डबी म्हणतो. सध्या मी माइक सरळ कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात खुपसतो, तर आवाजाच्या मागे सारखी सूंऽऽ अशी घरघर येते, कुकर शिट्टीवर यायच्या आधी करतो तशी. श्रीनाथकडे दोन इलाज आहेत. एक कार्ड, ते कॉम्प्युटर उघडून आत बसवायचं, आजच्या आज मिळेल. दुसरी बाहेरची डबी, यूएसबीवर चालणारी, कुठेही उचलून नेता येते, पण दिल्लीहून मागवावी लागेल आणि आठ-दहा दिवस लागतील म्हणतो. मी विचारलं, यातलं चांगलं कोणतं, तर म्हणाला, बाबूजी, दोनों टॉप की चीज़ हैं, आँख मूँदकर ले जाइए. प्रिंटर विकतानाही तो हेच म्हणाला होता, आणि तो प्रिंटर आता तुझी आई इस्त्रीचे कपडे ठेवायला वापरते. तू यातला माणूस. कॉलेजात असताना तुम्ही चौघं गिटार-ड्रम बडवून आमची डोकी उठवायचात, त्याचा आज तरी काही उपयोग होऊ दे.

घाई का, ते तुला माहीतच आहे. सत्तावीस तारखेला इंदूरला ऑपरेशन. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. त्यानंतर कुसुम जेवेल, हिंडेल, हातवारे करून मला रागावेल, पण बोलणार नाही आणि गाणार नाही. आणि अश्विनीचे दिवस भरणार श्रावणात. अख्ख्या माधव नगरातलं, फ्रीगंजातलं एक मराठी बारसं सांग, जिथे तुझ्या आईने पाळणा म्हटला नाही. प्रत्येक घरासाठी शेवटचं कडवं ती स्वतः जुळवते, त्यात आजोबांचं नाव, घरचं कुलदैवत आणि सगळ्यात शेवटी बाळाचं नाव. दुसऱ्यांच्या नातवंडांना एवढं दिलं आणि आपल्याच नातवंडाच्या बारशाला ती मुकी बसणार. हे मला सहन होत नाही रे. म्हटलं, ऑपरेशनच्या आधी तेवढा पाळणा तरी कॉम्प्युटरमध्ये धरून ठेवू.

तुझ्या खोलीचा मी स्टुडिओ करून टाकलाय. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे लावायचे असं श्रीनाथ म्हणाला. मी ते पाठीवर लादून आणले, तर तुझ्या आईने आंघोळीनंतर त्या खोलीत पाऊल टाकायला साफ नकार दिला. मग ट्रे काढून गाद्या उभ्या केल्या. हेडफोन लावला की तिचा स्वर तिच्याच कानात जरा उशिरा पडायचा, तर गाणं थांबवून मला म्हणाली, ही कोण बया माझ्यामागून गातेय, तिला आधी बाहेर काढा. हा उशीर कोणत्या डबीने जातो तेही कळव. तरीसुद्धा गायली. तीन दिवस गायली. स्तोत्रं झाली, भोंडल्याची गाणी झाली, तुझ्या मुंजीतली मंगलाष्टकं झाली. पाळण्यावर आलो की हेडफोन काढून ठेवायची आणि उठायची. म्हणाली, रिकाम्या पाळण्याला झोका देतात का कधी, एवढंही कळत नाही तुम्हाला. मी म्हटलं, नावाची जागा मोकळी सोड, नुसतं बाळ म्हण. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

मग मी अक्कल लढवली. पाळणा भरलेला पाहिजे ना, तर भरलेल्या पाळण्यापाशी माइक नेऊ. नानाखेड्याला शैलाताईंच्या नातवाचं बारसं होतं. त्या बाहेरच्या डबीची चौकशी मी तेवढ्यासाठीच केली होती, पण ती वेळेवर येण्यासारखी नव्हती. शेवटी तुझा जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बाईमाणसांच्या घोळक्याच्या कडेला जाऊन बसलो. शैलाताईंच्या सूनबाई मला म्हणाल्या, काका, पुरुषमंडळी तिकडे गच्चीवर आहेत. मी ऐकलं नाही, अपने राम हलले नाहीत. कुसुमने सुरुवात छान केली. तिसऱ्या कडव्यात वरच्या स्वराला गेली आणि आवाज फाटला. पुन्हा गेली, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसता वारा आला. पाच-सहा जणी लगेच सावरून घेऊन पुढचं म्हणू लागल्या आणि ही पाळण्याची दोरी धरून तशीच हसत उभी राहिली. मी पिशवीत हात घालून टेप बंद केला. टेम्पोत बसल्यावर म्हणाली, पेढे फार गोड होते.

आता खरी बातमी सांगतो. गेल्या सोमवारी इंदूरहून दवाखान्याचा फोन आला. तुझ्या आईने परस्पर ऑपरेशन रद्द करून टाकलंय. मला न विचारता, तुला न विचारता. मी जाब विचारला तर म्हणाली, श्रावणात बाळ येईल, बारसं होईल, मी पाळणा म्हणेन, मग भाद्रपदात काय कापायचं ते कापा. मी तसाच बस पकडून डॉक्टरांकडे गेलो. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी काही लपवलं नाही. आज करता येतं ते तेव्हा करता येणार नाही, तीन महीने बाद मैं हाथ नहीं लगाऊँगा, असं स्वच्छ म्हणाले. सत्तावीस तारखेची जागा अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, एवढी त्यांची मेहेरबानी. घरी येऊन मी समजावलं, ओरडलो, एक दिवस जेवलो नाही. तिने दोन्ही वेळा ताट वाढलं आणि दोन्ही वेळा झाकून ठेवलं. जो आवाज वाचवायला ती जिवावर उदार झालीय, तो आवाज श्रावणापर्यंत राहणारच नाहीये, हे नानाखेड्याला सगळ्यांनी ऐकलं. तिनेही ऐकलं. पण ऐकून न ऐकल्यासारखं करायचं ठरवलं तर कोण काय करणार. पाळणा एकदा डबीत आला की तिला थांबायला कारणच उरणार नाही, एवढाच माझा हिशोब होता, म्हणून तर आठवडाभर माइक घेऊन तिच्यामागे लागलो होतो. मला कुठे संगीत कळतं? पस्तीस वर्षं ती गायली आणि मी पेपर वाचला. आता घरात ती नुसती खाकरली तरी मी पेपर खाली ठेवतो. मला फार भीती वाटते, पराग. ती नसेल तर मी काय करू, हे मला खरंच माहीत नाही.

आता पत्र का लिहिलं ते ऐक. डबीचा सल्ला मला तू फोनवर चार वाक्यांत दिला असतास. परवा मी तिच्यापुढे हात जोडले, तेव्हा ती बोलली. दोन वर्षांपूर्वी अश्विनीला पहिल्यांदा दिवस राहिले होते, चौथा महिना होता. तुझी आई गच्चीवर कुरडया घालत होती आणि घालता घालता तिच्या तोंडून पाळणा निघाला, अगदी नावासकट. राजस असं नाव तिने मनाशी धरलं होतं. आठवड्याने तुझा रडत रडत फोन आला. तेव्हापासून ही बाई मनात धरून बसलीय की ते तिच्या गाण्याने झालं, रिकामा पाळणा तिने हलवला म्हणून. दोन वर्षं माझ्या शेजारी झोपली आणि एका शब्दाने बोलली नाही. मी म्हटलं, वेडी आहेस का, असं कधी होतं का. म्हणाली, तुम्हाला काय कळणार. खरंच आहे, माझ्या म्हणण्याने ते उतरणार नाही, डॉक्टरच्याही नाही आणि तुझ्याही नाही. ते फक्त अश्विनीच्या शब्दाने उतरेल. दुखण्याचं अश्विनीला कळू द्यायचं नाही, धसका घेईल, म्हणून तुझ्या आईने मला पोटातल्या बाळाची शपथ घातलीय. ती शपथ मी आज मोडतोय, लागायची असेल तर मला लागू दे. आधी अश्विनीच्या डॉक्टरीणबाईंना विचार, मग तिला जवळ बसवून सगळं सांग, गाठ, ऑपरेशन, राजस, काहीही लपवू नकोस. आणि मग तिला म्हणावं, सासूला फोन कर. रेकॉर्डिंगचं काढू नकोस, पाळण्याचा विषय नको. एवढंच म्हणू दे, आई, ते तुमच्यामुळे झालं नव्हतं, आणि मला तुम्ही हव्या आहात, गाणाऱ्या असा नाहीतर मुक्या असा. हे सगळं या आठवड्यातच व्हायला हवं. फोन वाजला की मी अंगणात जाऊन उभा राहीन, म्हणजे तो तिलाच उचलावा लागेल.

तुझाच,
बाबा