डाव्या इंजिनाचा पंप

आधी सर्वांची खुशाली विचारतो, मग वाटणीचं बोलतो. हिचा गुडघा आज जिना चढू देतोय का? थोरल्या लेकीची पाठ कशी आहे? जावईबापूंचा खोकला बसला का? आणि धाकट्या, तुझी साखर? इतक्या वर्षांनी भाऊ विचारतोय म्हणून दचकू नकोस. दचकायची पाळी काल माझ्यावर आली.

मी, लोकांना होडीतून पलीकडे नेऊन पोट भरलेला माणूस, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की पुढच्या सोमवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी आज तपासलं. काल दुपारी तपासलं असतं तर सही दिली नसती. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात हिच्या मालकीची. घर तिनेच उभं केलं, मी फक्त छपरावर चढलो.

२. हत्यारे जावयाला. पाने पुसून ठेवावेत. शिडी शेजारच्या रंगाऱ्याकडे आहे. "आपलीच समजा," म्हणतो. आपलीच आहे, आणावी.

३. होडी थोरलीची. मात्र इंजिनाचा पाण्याचा पंप बदलल्याखेरीज तिने एकही माणूस होडीत घेऊ नये. कारण सांगतो.

बाबांच्या मोठ्या बोटीत दोन इंजिनं होती. बोट मोडीत निघाली तेव्हा एक मी घेतलं, एक धाकट्याने. दोघांनी एकाच बाकावर सगळं खोललं, धुतलं आणि आपापलं जोडून नेलं. तेव्हापासून माझं इंजिन प्रवाहाविरुद्ध गेलं की तापतं. मी म्हणायचो, धाकट्याने चांगलं ठेवून घेतलं. त्यावरून बोलणं तुटलं. पंप कितीदा बदलला! जुन्यावरचा नंबर वाचायचा आणि तोच मागवायचा, ही आम्हा भावांची रीत. नवा पंप, पुन्हा वाफ. गेल्या आठवड्यात थोरली भर धारेत अडकली, होडीत लहान मुलं होती.

काल सुट्या भागांच्या दुकानातल्या बाईंना फोन लावला, नंबर सांगितला.

"काका, इंजिन कुठल्या बाजूनं फिरतं?"

"अहो, सगळी फिरतात तसंच की!"

"जोडीतलं असेल तर नाही. जोडीतली एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणजे बोट एका अंगाला ओढत नाही. पंपाची पातीही उलटी असतात. बघून सांगा."

थोरलीने चावी फिरवली. पट्ट्याचं चाक उलटं, डावीकडे फिरत होतं! त्या चाकाशेजारी बसून मी उभा जन्म डबा खाल्ला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, आधी खाली बसा," थोरली ओरडली.

बाई फोनवर सांगतच होत्या, "तुमच्या डाव्या इंजिनावर उजवा पंप बसलाय, तो पुरेसं पाणी ढकलतच नाही. डावा आता कुणी बनवत नाही. शेवटचा होता तो एका गृहस्थांनी नेला. त्यांचंही इंजिन तापतं म्हणे. थोरल्या भावाने चांगलं ढापलं, असं सारखं सांगत होते."

फोन हातातून निसटला. बाकावर अदलाबदल झाली रे, धाकट्या! तुझा पंप मी वागवला, माझा तू. इंजिनं दोन्ही चांगलीच होती!

४. सबब माझ्या इंजिनावरचा उजवा पंप धाकट्याच्या मालकीचा करत आहे. त्याने आपल्याकडचा डावा थोरलीला द्यावा. ही अट नाही, विनंती आहे. चांगलं इंजिन कुणी ढापलं, हा वाद मात्र मी कुणालाही वारसाहक्काने देत नाही.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल. मंगळवार, सतरा तारीख.
लिहून देणार: होडीवाला (सही)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), धक्क्यावरचा तिकीटवाला (सही)

धाकट्या, असले कागद माणूस गेल्यावर उघडतात. तुझी प्रत मी आजच टपालात टाकतोय. मला जिवंतपणी तुझ्या तोंडची शिवी ऐकायची आहे. सोमवारच्या आत उत्तर पाठव, नाहीतर पंप घेऊन सरळ ये.