हाताचा गुण

प्रिय खारूताई,

कंपनीचं पत्र बघून दचकू नकोस, तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाहीये. परवा तुझ्या आईशी फोनवर बोलले. शिकवण्या छान चालल्यात म्हणाली, पण लॅबचा विषय निघाला की तू उठून जातेस, असंही म्हणाली. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

इकडची खबर ऐक. लॅबचे जुने साहेब गेले, त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरची 'आपण एक कुटुंब' ही पाटी उतरवली. कुटुंबात निदान भांडता तरी येतं, असं त्यांचं म्हणणं! भरती विभागात माझे केस पिकले, पण इतकं खरं बोलणारा वरिष्ठ पहिल्यांदाच पाहिला. मला पेशींमधलं ओ की ठो कळत नाही, हे तुला माहीतच आहे. पण तुला नेमताना चाचणीत पिपेट धरलेला तुझा हात मी पाहिला होता, जराही थरथरत नव्हता. त्याच हाताला गुण नाही, असं साहेब भर बैठकीत म्हणाले. का, तर तू वाढवलेल्या पेशींना बुरशी लागली आणि ते तू आपण होऊन सांगितलंस. राजीनाम्यात तू 'घरगुती कारण' लिहिलंस. मी समजावून समजावून थकले, पण ते वाक्य तुझ्या मनातून काही निघेना. हे काम आपलं नव्हेच, असं तू धरून बसलीस.

तर बाईंनी एक नियम काढला. सोमवारच्या बैठकीत आधी काय फसलं ते सांगायचं, जमलेलं नंतर. पहिल्या सोमवारी जो तो आपल्या कपात बघतोय. शेवटी आपले आजोबा उठले. हो, तेच, स्वतःची कात्री कुणाला न देणारे आपले सगळ्यात जुने शास्त्रज्ञ. घसा खाकरून म्हणाले, की त्यांच्याही पेशींना बुरशी लागते आणि ते त्या गुपचूप फेकून देतात. एकच हशा पिकला. मग लंबू उठला, मग चष्मेवाली. अगं, अर्धी लॅब हेच करत होती! प्रत्येकाला वाटायचं, आपल्याच हातात खोट आहे. बाईंनी शांतपणे विचारलं, कुणाच्या पेशींच्या प्लेट कुठे होत्या? सगळ्यांची बोटं एकाच उबदार कपाटाकडे, त्या इनक्युबेटरकडे. उघडून बघितलं तर आतल्या पंख्याच्या झाकणामागे बुरशीचा हा थर! ते साफ केल्यापासून प्लेट बिघडल्याचं ऐकलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तुझ्याही प्लेट त्याच इनक्युबेटरमध्ये होत्या, मी स्वतः विचारून खात्री केली. तुझ्या हातांचा काडीचाही दोष नव्हता. अर्ध्या लॅबचं बिघडत होतं, खरं बोललीस तू एकटी. बाईंना हे तुला त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर सांगायचंय. एक जागा रिकामी आहे आणि मी जाहिरात मुद्दाम अडवून धरलीय. नोकरी घे, नको घेऊस, तुझी मर्जी. पण येत्या सोमवारी ये. तुला बोलणी बसली तेव्हा आपण मान खाली घालून बसलो, ही गोष्ट आजोबांना झोपू देत नाही. ते उभे राहून तुझी माफी मागणार आहेत.

तुझीच,
भरतीवाली ताई