जिनिव्हाला जाणारा आचारी

देवपूर, धुळे. १४ नोव्हेंबर १९९५

कंपनीच्या विक्रेत्यांची परिषद युरोपात कुठे घ्यायची, ते मी ठरवायचं होतं. महिनाभर पत्रं लिहून जिनिव्हा निवडलं, कारण तिथलं एकच हॉटेल आपल्या आचाऱ्याला स्वयंपाकघर द्यायला तयार झालं.

तिकिटं मात्र मोजकीच होती. आज बैठकीत शिंदखेड्याचे विक्रेते नाना म्हणाले, "आचारीले लई जानं शे, मंग एक जण कमी करा." म्हणजे आचाऱ्याला घेऊन जायचं, तर आपल्यातला एक वगळा.

साहेब माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही राहता का? तसंही फोटो दाखवायला तुमच्या घरी कोण आहे!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि हो म्हणालो. आचारी न्यायचा हट्ट माझाच होता.

मग एवढं का लागलं? शहर पाहायचं राहिलं म्हणून? नाही. पाच दिवस रोज कुणाशेजारी तरी बसून जेवता आलं असतं.